एडवर्डकालीन मॉडेल रेल्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या केंट परगण्यातलं एक छोटं शेवटचं स्टेशन, साल १९०७, महिना सप्टेंबर, माप ओओ (खऱ्याच्या सुमारे शहात्तराव्या भागाएवढं). खालची सगळी उत्तरं हे एक उदाहरण समोर ठेवून दिली आहेत. नमुना म्हणून पॅडक वूडहून निघणारा हॉकहर्स्टचा फाटा, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारी छोटी लाइन, घेतला आहे. तो १८९२ मध्ये गाउडहर्स्टपर्यंत आणि १८९३ मध्ये हॉकहर्स्टपर्यंत सुरू झाला. तुम्ही दुसरी कंपनी किंवा दुसरं साल घेतलंत तर तपशील बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

एडवर्डकालीन म्हणजे नेमका कुठला काळ?

सातवा एडवर्ड २२ जानेवारी १९०१ ते ६ मे १९१० या काळात गादीवर होता. मुंबईच्या काळ्या घोड्यावर बसलेला स्वार तोच, युवराज असतानाचा. मॉडेलवाले हा काळ थोडा सैल धरतात आणि ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटेपर्यंत ताणतात.

पण काम सुरू करायला ‘काळ’ पुरत नाही, तारीख लागते. १९०१ आणि १९१३ यांच्यामध्ये इंजिनं बदलली, डब्यांचे रंग बदलले, रस्त्यावर मोटारी आल्या. ग्रेट वेस्टर्नचंच घ्या. १९०८ पर्यंत त्यांचे डबे चॉकलेटी आणि साय रंगाचे होते, मग सगळे तपकिरी झाले आणि १९१२ पासून गडद किरमिजी. तिन्ही रंगांचे डबे एकाच गाडीत हौसेने जोडले की जाणकाराच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. (रंग बदलण्याच्या वर्षभरात दोन रंग एकत्र दिसायचे, तो भाग वेगळा.) म्हणून साल आणि महिना कागदावर लिहून भिंतीवर लावा. पुढे प्रत्येक खरेदीच्या वेळी एकच विचारायचं: ही वस्तू त्या दिवशी तिथे असती का?

इतक्या कंपन्यांतून एक कशी निवडायची?

१९२३ मध्ये चार मोठ्या कंपन्या होण्याआधी ब्रिटनमध्ये शंभरावर रेल्वे कंपन्या होत्या. काळी इंजिनं आणि जांभळट-पांढरे डबे हवेत तर लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न, सगळंच किरमिजी हवं तर मिडलंड, निळी इंजिनं हवीत तर कॅलेडोनियन किंवा ग्रेट ईस्टर्न. रंगावर जीव जडणं साहजिक आहे, पण निवड करताना तयार इंजिन कुठल्या कंपनीचं मिळतं ते आधी पाहा. पहिल्याच मांडणीत पितळी पत्र्याचं इंजिन जोडायला घेतलं की बहुतेकांची मांडणी तिथेच अडकते.

या कसोटीवर साउथ ईस्टर्न अँड चॅटम ही कंपनी नवशिक्यासाठी उत्तम. १ जानेवारी १८९९ पासून दोन भांडखोर शेजारी कंपन्यांचा कारभार एकत्र चालू लागला आणि ही जोडकंपनी झाली. हॅरी वेनराइट तिचे इंजिनप्रमुख. त्यांच्या काळातली इंजिनं गडद हिरवी, त्यावर फिकट हिरवी, लाल आणि पिवळी रेघ, डोक्यावर लखलखीत पितळी घुमट. आणि यातली बरीचशी आज ओओ मापात तयार मिळतात.

माप कुठलं घ्यावं?

ओओ. म्हणजे फुटाला ४ मिमी, प्रमाण १:७६.२, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. यात एक जुनी गफलत आहे. ४ फूट ८½ इंचांचे रूळ या प्रमाणात १८.८३ मिमी अंतरावर यायला हवेत, त्यामुळे ओओची गाडी समोरून पाहिली की रूळ अरुंद वाटतात. हे खटकत असेल तर ईएम (१८.२ मिमी) किंवा पी-४ (१८.८३ मिमी) आहेत, पण मग प्रत्येक चाक बदलायचं आणि प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) हाताने बांधायचा. पहिल्या मांडणीला हा खटाटोप नको.

एन मापात (१:१४८) जागा निम्मी लागते, पण या काळातली तयार इंजिनं मोजकीच. ओ मापात (फुटाला ७ मिमी) तपशील सुरेख दिसतो, खोली मात्र मोठी लागते.

जागा किती लागेल?

४ मिमीच्या मापात एक मैल म्हणजे २१.१२ मीटर. म्हणजे खरं स्टेशन जसंच्या तसं कोणाच्याच घरात मावत नाही, ते आक्रसून घ्यावं लागतं. आक्रसायचं कसं, तर गाडीच्या लांबीवरून.

एच वर्गाचं टँक इंजिन (पाणी आणि कोळसा स्वतःवरच वाहणारं) बफरसकट साधारण १४० मिमी धरा. सहाचाकी डबा बफरसकट १३५ ते १४० मिमी. चार डबे म्हणजे ५५० मिमी. आता लाइन संपते तिथल्या बफरपासून मोजत या: इंजिन थांबायला १८० मिमी, इंजिन सोडवून लूपवर, म्हणजे शेजारच्या समांतर रुळावर, घ्यायला दोन मध्यम सांध्यांचा क्रॉसओव्हर (पेको कंपनीचा मध्यम सांधा २१९ मिमी, दोन मिळून ४३८), मग डबे ५५०, मग लूपच्या तोंडाचा सांधा २१९. बेरीज १,३८७ मिमी. मालधक्क्याचे दोन फाटे, सिग्नल केबिन आणि बाहेर पडणारी मुख्य लाइन धरून २,४०० × ४५० मिमी दर्शनी भाग पुरतो. त्याला जोडून पडद्यामागचं यार्ड, म्हणजे गाड्या नजरेआड उभ्या करायची जागा, ९०० मिमी. तिथे सांधे घालू नका. एका टोकाला खिळलेली आणि दुसऱ्या टोकाला सरकणारी फळी ठेवा, तिच्यावर तीन-चार रूळ. पैसे वाचतात आणि जागाही.

खऱ्या स्टेशनचा आराखडा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचे २५ इंची नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यांचं प्रमाण १:२५००. नकाशावरचा १ मिमी म्हणजे तुमच्या फळीवर जवळजवळ ३३ मिमी.

फळी कशाची? आपल्याकडच्या हवेत वाकत नाही का?

वाकते, आणि बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यात. वरचा पृष्ठभाग ९ मिमी प्लायचा, खाली ७५ मिमी उंचीच्या प्लायच्या पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या दर ३०० मिमीला. प्लाय पाण्याला टिकणारा, ‘७१०’ शिक्क्याचा घ्या. साधा कमर्शियल प्लाय स्वस्त पडतो, पण वाळवी आणि भुंगा दोघांनाही तो आवडतो. कापून झाल्यावर वरून, खालून आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्या. नुसता वरून रंग दिला की खालचा भाग दमट हवा पितो आणि फळीला पोक येतं.

१,२०० मिमीचे दोन तुकडे करा, एकसंध २,४०० नको. दारातून निघत नाही, जिन्यात वळत नाही. तुकडे जोडायला बोल्ट आणि अचूक बसायला पितळी डॉवेल. नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवलात तर दर वेळी रूळ अर्धा मिमी इकडेतिकडे होतात आणि गाडी नेमकी तिथेच उतरते.

रूळ कसे असावेत?

त्या काळी ब्रिटनमध्ये मुख्यतः बुलहेड रूळ होते: स्लीपरवरच्या लोखंडी चेअरमध्ये (रूळ धरणाऱ्या बैठकीत) बसवलेले आणि बाहेरच्या बाजूने लाकडी पाचर ठोकलेले. पेकोचा कोड ७५ बुलहेड रूळ ओओमध्ये मिळतो, तोच घ्या. नेहमीचा कोड १०० सपाट बुडाचा आहे आणि जाडही.

महायुद्धापूर्वी स्लीपर ९ फुटी असायचे, म्हणजे मॉडेलमध्ये ३६ मिमी. पुढे ते साडेआठ फुटी झाले. ओओचे तयार स्लीपर याहून आखूडच असतात. तेवढं सोडून द्या, कारण रुळांचं अंतरच कमी असल्यामुळे लांब स्लीपर उलट विचित्र दिसतात. रुळाच्या लांबीचा भास मात्र जरूर आणा. ३० फुटी रूळ म्हणजे दर १२० मिमीला, ४५ फुटी म्हणजे दर १८० मिमीला रुळांच्या जोडाची जागा. तिथे रुळाच्या डोक्यावर बारीक करवतीने नुसती खूण करा आणि दोन्ही बाजूंना फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) चिकटवा. चाकांचा ‘टक्-टक्’ आपोआप येतो.

तापमानासाठी फट ठेवायला विसरू नका. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे १२ आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंश. एवढ्या फरकाने निकेल सिल्व्हरचा रूळ मीटरमागे साधारण अर्धा मिमी वाढतो. थंडीत फट न ठेवता सगळं पक्कं केलंत तर उन्हाळ्यात रूळ नागमोडी होतील.

खडी कुठली?

राखाडी नको. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. साउथ ईस्टर्नच्या बऱ्याच मार्गांवर डंजनेसच्या समुद्रकाठचे गोटे खडी म्हणून टाकलेले असायचे: गोलसर, पिवळट-तपकिरी. (असल्या गोट्यांवर रूळ घट्ट बसत नाहीत. १९२७ च्या सेव्हनओक्स अपघातानंतर त्यावर बरीच टीका झाली.) मालधक्क्याच्या यार्डात मात्र इंजिनांची राख आणि कोळशाचा चुरा, स्लीपरच्या डोक्यापर्यंत भरलेला.

२० ते ५० मिमीचे खरे गोटे या मापात ०.३ ते ०.७ मिमीचे होतात. म्हणजे ‘ओओ खडी’ नावाची बाजारातली पाकिटं जाड पडतात. एन मापाची घ्या किंवा रेती चाळून वापरा. रेती वापरणार असाल तर धुऊन वाळवल्यावर तिच्यातून चुंबक तीन-चारदा फिरवा. कोकणकिनाऱ्यावरच्या आणि बऱ्याच नद्यांच्या रेतीत लोहाचे काळे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि महिन्याभरात मोटर गुरगुरू लागते.

एका मीटरला १०० ते १२५ ग्रॅम पुरते. कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरवरून खाली सारा, बोटाने रुळावर टकटक करा म्हणजे कण बसतात. मग स्पिरिटचा बारीक फवारा. त्यानंतर एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, हे मिश्रण ड्रॉपरने रुळांच्या मधोमध सोडा. फवारा न मारता गोंद सोडला तर थेंब गोळा होतो आणि खडीत खड्डे पडतात. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांखाली खडी नको, तिथे नुसता रंग.

सांध्यांची मांडणी मनाला येईल तशी करता येते का?

नाही. १८८९ च्या कायद्याने प्रवासी मार्गांवर सांधे आणि सिग्नल यांचं इंटरलॉकिंग (सांधा नीट लागल्याशिवाय सिग्नल मिळू नये अशी जोडणी) सक्तीचं झालं होतं. बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याचा निरीक्षक तपासायला यायचा. त्याचा परिणाम मांडणीत दिसतो. मालाचा फाटा जिथे प्रवासी लाइनला मिळतो तिथे आधी ट्रॅप पॉइंट हवा, म्हणजे घरंगळणारी वाघीण लाइनवर न येता मातीत उतरते. प्रवासी गाडी ज्या सांध्यावर तोंडाकडून येते, तिथे सांधा-कुलूप आणि त्याचं लांब झाकण. असे सांधे कमीत कमी ठेवण्याकडे त्या काळच्या अभियंत्यांचा कल होता, म्हणून मालाचे फाटे बहुधा गाडीला मागे ढकलूनच घ्यावे लागतात. शंटिंगची खरी मजा यातच आहे.

ट्रॅप पॉइंट चालता असायची गरज नाही. दोन पाती रुळाला चिकटवून रॉड दाखवला तरी भागतं. पण तो नसला की मांडणी खेळण्यातली वाटते.

वायरिंगचं थोडक्यात सांगा.

साधं १२ व्होल्ट डीसी पुरे. एका वेळी एकच इंजिन चालणार आहे. फळीखाली १.५ चौरस मिमीच्या दोन जाड तारा, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बारीक जोडतार. ही तार ३०० मिमीपेक्षा लांब नको. रुळाच्या सांधपट्टीतून वीज जाईल अशी आशा धरू नका. दमट हवेत ती वर्षभरात गंजते. सांध्याचा मधला फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) विजेचा असू द्या आणि तो स्विचमधून फिरवा. छोटी इंजिनं मुंगीच्या चालीने नेताना प्लॅस्टिक फ्रॉगवर हमखास अडतात.

इंजिनं कुठली चालतील?

सप्टेंबर १९०७ या तारखेला लावून पाहू. एच वर्ग, ०-४-४ टँक (आकडे म्हणजे पुढची, मधली आणि मागची चाकं), १९०४ पासून ॲशफर्डला बांधायला सुरुवात, एकूण ६६: चालेल. हॉर्नबी कंपनीचं मॉडेल वेनराइटच्या हिरव्या रंगात निघालं आहे. सी वर्ग, ०-६-० मालगाडीचं इंजिन, १९०० ते १९०८ मध्ये १०९ बांधली: चालेल, बॅकमनचं. डी वर्ग, ४-४-०, १९०१ ते १९०७: काळात बसतो, पण एक्स्प्रेसचं इंजिन आहे, फाट्यावर त्याचं काय काम? पी वर्ग, छोटं गोजिरं ०-६-० टँक, मॉडेल सहज मिळतं, आणि म्हणूनच सगळे तेच आणतात. पण पी वर्ग १९०९-१० मध्ये बांधला गेला. १९०७ मध्ये तो नव्हताच. तो हवाच असेल तर भिंतीवरची तारीख १९१० करा.

टेरियर या टोपणनावाची छोटी टँक इंजिनं ब्रायटन रेल्वे कंपनीची. त्यांतलं एक, ‘वॉडन’, साउथ ईस्टर्न अँड चॅटमने १९०४ मध्ये विकत घेऊन त्याला ७५१ क्रमांक दिला. म्हणजे टेरियर चालेल, पण एकच आणि त्याच क्रमांकाचं.

इंजिन विकत घेताना फोटोतला रंग पाहून भुलू नका. नंतरच्या काळात बदललेला धुराडा, बदललेले बफर, वाढवलेला कोळशाचा डबा ठेवून नुसता जुना रंग दिलेलं मॉडेल पुष्कळदा निघतं. ज्या सालचा फोटो मिळतो त्याच्याशी भाग जुळवूनच पैसे द्या.

डब्यांचं काय?

फाट्यावर जुने चारचाकी आणि सहाचाकी डबे, गॅसच्या दिव्यांचे, गडद किरमिजी. तीन वर्ग: पहिला, दुसरा, तिसरा. मिडलंडने दुसरा वर्ग १८७५ मध्येच काढला होता, पण इथे तो १९०७ मध्येही होता, म्हणून दारांवर तिन्ही आकडे हवेत.

हॉर्नबीचे सहाचाकी आणि हॅटन्सने काढलेले जेनेसिस डबे (आता त्यांचे साचे अ‍ॅक्युरास्केलकडे आहेत) कुठल्याही एका कंपनीचे हुबेहूब नाहीत, सरासरी चेहऱ्याचे आहेत. तीन फुटांवरून खपून जातात. हुबेहूब हवे असतील तर रॉक्सी मोल्डिंग्जचे पत्र्याचे संच आहेत, पण त्यांना सोल्डरिंगचा हात बसलेला हवा. बॅकमनचे ६० फुटी ‘बर्डकेज’ डबे १९१२ नंतरचे. १९०७ मध्ये नकोत.

सहाचाकी डबा वळणावर उतरतो तो मधल्या धुरीमुळे, म्हणजे चाकांच्या आसामुळे. ती आडवी किमान २ मिमी सरकली पाहिजे आणि तिच्यावर वजन नको. रंग देताना तिच्या खोबणीत रंग गेला की ती घट्ट होते, मग दोष रुळाला दिला जातो.

मालगाडीत कुठल्या वाघिणी जोडाव्यात?

एका मूळ गोष्टीवरून सगळं ठरतं. वाघिणी सर्व कंपन्यांनी मिळून वापरायची पद्धत महायुद्धात आली. त्याआधी परक्या कंपनीची वाघीण माल उतरवला की रिकामी परत पाठवायची, नाहीतर दिवसाचं भाडं चढायचं. म्हणून १९०७ च्या फाट्यावर बहुतेक वाघिणी घरच्याच दिसणार. आठ वाघिणींच्या गाडीला आमचा हिशेब असा: पाच घरच्या (चार उघड्या, एक बंद), दोन खासगी मालकीच्या कोळशाच्या, एक परकी. दर वाघीण वेगळ्या कंपनीची ठेवली तर रंगीबेरंगी दिसते खरी, पण तसं चित्र त्या काळचं नाही.

कोळसा बाहेरून येतो. केंटच्या खाणींतला विक्रीचा कोळसा १९१२ च्या आसपासचा, म्हणून वाघिणीवर केंटच्या खाणीचं नाव नको. मिडलंड्सकडची खाण किंवा गावचा कोळसा व्यापारी चालेल.

खासगी वाघिणी १८८७ किंवा १९०७ च्या क्लिअरिंग हाउसच्या (रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेच्या) नमुन्याच्या हव्यात, ८ किंवा १० टनी. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार वाघिणी १९२३ च्या १२ टनी नमुन्याच्या असतात, वरचा रंग फक्त जुना. काही जुन्या वाघिणींना स्प्रिंगचे बफर नसून चौकटीचीच लाकडं पुढे आलेली असायची. मुख्य मार्गांवर त्यांना १९१४ पासून बंदी आली, म्हणजे तुमच्या गाडीत एखादी जरूर हवी.

एक सोपी शस्त्रक्रिया: त्या काळच्या पुष्कळ वाघिणींना ब्रेक एकाच बाजूला होता. धारदार पात्याने एका बाजूचा ब्रेकचा दांडा, ब्रेकचे ठोकळे आणि त्यांना धरणारी इंग्रजी व्ही-सारखी पट्टी कापून टाका, कानस फिरवा, रंग द्या. वीस मिनिटांत वाघीण पंधरा वर्षांनी म्हातारी होते.

प्रत्येक धुरीमागे २५ ग्रॅम, म्हणजे चारचाकी वाघिणीला ५० ग्रॅम वजन ठेवा. शिशाच्या तुकड्यांवर फेविकॉल वापरू नका. तो शिशाशी संयोग पावून काही वर्षांनी फुगतो आणि वाघिणीचं बूड बाहेर ढकलतो. इपॉक्सी वापरा किंवा सरळ लोखंडी नट.

सप्टेंबरच का?

हॉप तोडणीसाठी. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारं फूल, आणि केंट हे त्याचं आगर. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबं पोराबाळांसकट, भांड्याकुंड्यांसकट तोडणीला यायची. त्यांच्यासाठी खास गाड्या सुटत आणि त्यांना मोडीत निघायच्या वाटेवरचे सर्वांत जुने डबे जोडले जात. तुमच्याकडे जुळत नसलेले चार-पाच डबे असतील तर त्यांना इथे रीतसर काम मिळतं.

तोडलेला हॉप शंक्वाकृती छपरांच्या भट्ट्यांमध्ये वाळवून लांब पोत्यांत दाबून भरत. पोतं उभं केलं तर माणसाहून उंच, सहा-सात फुटी. मॉडेलमध्ये लांबी २६ मिमी, जाडी ८ मिमी. करायचं असं: हवेत वाळणाऱ्या मातीची ८ मिमी जाडीची वळी करून २६ मिमीचे तुकडे पाडा. टोकं गोल नकोत, सपाट दाबा. दोन्ही टोकांना चिमटीने दोन-दोन कोपरे ओढून ‘कान’ काढा, उचलायला तेच धरायचे. माती ओली असतानाच जुन्या मलमलीचा तुकडा तिच्यावर दाबून घ्या, विणीचा ठसा उठतो. वाळल्यावर फिकट खाकी रंग, त्यावर तपकिरी पाण्याचा हात, आणि एका अंगावर मळ्याच्या मालकाचं नाव आणि साल म्हणून काळ्या रेघोट्या. उघड्या वाघिणीत अशी पंधरा-वीस पोती आडवी रचा. त्यावर काळी ताडपत्री अर्धी ओढलेली दाखवा. ताडपत्रीला बटर पेपर चुरगळून, पुन्हा सरळ करून काळा रंगवलेला चालतो. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिला घडी धरत नाही.

सिग्नल कसे असावेत?

हात खाली पडून ‘जा’ म्हणणारे. वर उचलणारे हात १९२० च्या दशकातले. आणि डिस्टंट सिग्नलचा (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्याचा) हात पिवळा नाही, तांबडाच, फक्त टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच. रात्रीचा दिवाही तांबडा. पिवळा रंग नंतर आला. तयार मिळणारे डिस्टंट सिग्नल सगळे पिवळे असतात, पुन्हा रंगवावे लागतात. हिरव्या काचेला निळसर झाक द्या, कारण मागे रॉकेलच्या दिव्याची पिवळी ज्योत असायची आणि दोन्ही मिळून हिरवं दिसायचं.

स्टेशन, रस्ता, माणसं?

कायमच्या घोडचुका आधी सांगतो. फलाटाच्या कडेची पांढरी पट्टी नको, ती पुढच्या युद्धकाळातल्या ब्लॅकआउटची. तांबडी टेलिफोन पेटी नको, पहिली १९२६ ची. डांबरी रस्ता आणि मधली पांढरी रेघ नको. फाट्यावरच्या छोट्या स्टेशनात विजेचे दिवे नकोत, तेलाचे हवेत.

रस्ता म्हणजे दाबलेली खडी आणि माती, फिकट रंगाची, चाकोऱ्या पडलेली, मधूनमधून घोड्याची लीद. मोटार एखादीच. १ जानेवारी १९०४ पासून गाडीला नंबर लागला. केंटची खूण होती ‘डी’ हे इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. मालधक्क्यावर शंटिंगला घोडा दाखवा, त्याच्या मागे साखळी आणि चालणारा माणूस. बरीच छोटी स्टेशनं एका वाघिणीसाठी इंजिन बोलवत बसत नसत.

उघड्या डोक्याचं माणूस ठेवू नका. मजूर चपट्या टोपीत, बाबू बोलरमध्ये, उन्हाळ्यात गवती हॅट. बायकांचे झगे घोट्यापर्यंत. तयार मिळणाऱ्या पुतळ्यांत गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टच्या बायका पुष्कळ असतात. त्यांच्या स्कर्टला टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये बुडवून लांबी वाढवता येते.

इंजिन मळवावं का?

प्रवासी गाडीचं नाही. मजुरी स्वस्त होती, पोरं दिवसभर चिंध्या घेऊन इंजिन पुसत. पितळ चमकलं पाहिजे. मळ चाकांच्या खाली आणि छपरावर ठेवा. वाघिणी मात्र खुशाल मळवा, आतलं लाकूड रंग नसलेलं, राखाडी पडलेलं.

रंगांबद्दल एक अडचण. परदेशी इनॅमल रंग ज्वालाग्राही म्हणून हवाई टपालाने येत नाहीत. इथले ॲक्रिलिक वापरून डब्यांचा किरमिजी साधता येतो. खाली रेड ऑक्साइडचा पातळ प्रायमर, वर क्रिमझनमध्ये थेंबभर काळा, तीन पातळ हात. जाड एका हाताने दारांच्या फटी भरून जातात. जून ते सप्टेंबर फवाऱ्याने लॅकर मारू नका. हवेत ओल असली की चकाकी दुधी पडते आणि मग सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं.

गाडी एकाच ठिकाणी उतरते. काय तपासायचं?

आधी चाकं, मग रूळ. चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर ओओला १४.५ मिमी हवं. व्हर्नियरने मोजा. कमी असेल तर सांध्याच्या चेकरेलवर (चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या आतल्या रुळावर) चाक चढतं, जास्त असेल तर फ्रॉगच्या टोकावर आपटतं. मग वाघीण काचेवर ठेवा. चार चाकं टेकली नाहीत तर चौकट वाकडी आहे. मग रुळावरून नख फिरवा, रुळांच्या जोडावर पायरी लागते का पाहा. साखळीच्या तीन कड्यांचे कपलिंग असतील आणि गाडी मागे ढकलतानाच उतरत असेल तर बफर एकमेकांत अडकताहेत. अशा कपलिंगला ९०० मिमीपेक्षा लहान त्रिज्येचं वळण सोसत नाही. छोट्या जागेत नेहमीचे आकड्याचे कपलिंगच ठेवा, नुसते बारीक दिसणारे घ्या.

याच काळातली आपल्याकडची रेल्वे करता येईल का?

येईल, आणि कंपनी इंग्लंडचीच हवी असा काही नियम नाही. ५ फूट ६ इंचांचा ब्रॉडगेज ४ मिमीच्या मापात २२ मिमी होतो आणि तयार काहीच मिळत नाही. पण फुटाला ३ मिमी धरलं तर तोच गेज बरोबर १६.५ मिमी येतो, म्हणजे ओओचे रूळ, सांधे, चाकं आणि मोटरी सगळं चालतं, वरचं घर तेवढं स्वतः बांधायचं. १९०७ ची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) करायची तर हाच मार्ग धरा.

त्याहून सोपं नेरळ-माथेरान. हीदेखील नेमकी १९०७ मध्येच सुरू झालेली, पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, दोन फुटी गेज. ४ मिमीच्या मापात तो ८ मिमी होतो, त्यामुळे ९ मिमीचे तयार अरुंद रूळ जवळजवळ जुळतात. इंजिनं ओरेनस्टाइन अँड कॉपेलची ०-६-० टँक, तीव्र वळणांसाठी टोकाच्या धुऱ्या वळणाऱ्या. मॉडेलमध्ये त्या वळवायच्या फंदात पडू नका, चाकांना आडवी सरक दिली की २३० मिमी त्रिज्येच्या वळणावरही इंजिन सुटसुटीत फिरतं. खडी इथे काळ्या दगडाची, आणि डोंगराची माती तांबडी. दोन्ही चाळून घ्यायच्या, आणि तांबड्या मातीवरूनही चुंबक फिरवायचाच.